रिकामा गेलेला डबा

माझा नवरा गाडी चालवतो तेव्हा त्याला सायकलवालेसुद्धा मागे टाकतात. हे मी त्याच्या तोंडावर हजारदा सांगितलंय, त्यामुळे इथे लिहायला काही हरकत नाही. त्यात जुलैचा शेवट, धो धो पाऊस, एक वायपर अर्धवट पुसतोय, दुसरा नुसताच कुरकुरतोय, आणि मागच्या सीटवर माझी आई मांडीवर पिशवी धरून ताठ बसलेली. पनवेलहून शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. पेणला पोचेपर्यंत माझी तीन भांडणं झाली होती. दोन नवऱ्याशी आणि एक काचेआडून एका टेम्पोवाल्याशी. टेम्पोवाल्याला ते ऐकूही गेलं नसणार, पण मला बरं वाटलं.

निघालो होतो मावशीकडे. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, दोन वर्षांनी लहान. मुरुडच्या अलीकडे एका गावात दिलेली. थोडी भातशेती, घरामागे नारळी-पोफळी, मुलाचा ट्रक. माझे बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे असते. पूर्वी वर्षातून दोनदा तरी दोघी भेटायच्या, मावशी आली की आमच्या घरात रात्री बारापर्यंत हसण्याचे आवाज. गेली तीन वर्षं मात्र ती येत नव्हती आणि आई जात नव्हती. फोन व्हायचे, नाही असं नाही. पण फोनवर पाऊस किती पडला आणि गुडघा किती दुखतो, संपलं. मला वाटायचं, वय झालं दोघींचं.

शुक्रवारी संध्याकाळी वहिनीचा, म्हणजे मावशीच्या सुनेचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "यंदा सासूबाई लावणीला उतरल्या न्हाईत. बांधावर बसून होत्या." मी हे आईला सांगितलं, सहज, भाजी निवडता निवडता. आईचा हात थांबला.

"बसली? लावणीत बसली ती?"

"अगं, पंचाहत्तरीची बाई आहे, बसणारच ना."

आई उठली, दोन नारळ काढले आणि माझ्यासमोर ठेवले. "फोड. आणि उद्या मला बहिणीकडे न्या." मग रात्री खोबऱ्याच्या वड्या झाल्या. प्लॅस्टिकच्या डब्यात भरल्या. तो डबा पिशवीत आणि ती पिशवी आईच्या मांडीवर, पनवेलपासून.

वडखळच्या पुढे रस्ता जरा बरा लागला. खड्ड्यांमुळे आमच्या गाडीची जी काही हाडं खिळखिळी झाली होती ती जागेवर आली. पोयनाडला वडापाव खाल्ले, गरम, इतके गरम की नवऱ्याने जीभ पोळून घेतली आणि पुढची पंधरा मिनिटं तोंड उघडं ठेवून गाडी चालवली. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं अशी हिरवीगार की डोळ्यांना दुसरं काही बघावंसं वाटेना. अलिबाग मागे पडलं. रेवदंड्याचा पूल आला तसं आईने खाडीला हात जोडले. लग्न होऊन इकडून गेली तेव्हापासूनची तिची सवय आहे ही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पाऊस, समुद्र, माडांचे झोके, आणि सोमवारपर्यंत कुणाच्या वह्या तपासायच्या नाहीत. मी शाळेत शिकवते, बावीस वर्षं. ओरडणं हा माझा व्यवसाय आहे आणि घरीही तो मी बंद ठेवत नाही.

बोर्लीच्या पुढे गाड्यांची रांग लागलेली. रस्त्यावर झाड आडवं पडलं होतं. पुढे एसटी उभी, तिच्यातले दोघं-तिघं आणि गावातले चौघं कोयते घेऊन फांद्या तोडत होते. कंडक्टर छत्री धरून उभा राहून सगळ्यांना सूचना देत होता. मुंबईची पोरं गाडीतून उतरून पावसात नाचायला लागली, त्यांना काय, सुट्टीच. नवऱ्याने इंजिन बंद केलं.

गाडी शांत झाली तशी आई मागून म्हणाली, "बघते आज. तोंडाने म्हणते का, वड्या मिळाल्या म्हणून."

"म्हणजे?" मी मागे वळले. "न म्हणायला काय झालं?"

"मागच्या वेळी म्हणाली नाही."

"कुठल्या मागच्या वेळी?"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. मग सांगायला लागली.

त्यासाठी आधी डबा सांगायला हवा. माझ्या आजोबांनी एक पितळी डबा घेतला होता. शेर-दीड शेर तांदूळ मावतील एवढा, घट्ट झाकणाचा. त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव घातलेलं. तो डबा ना आईचा ना मावशीचा. दोघींची लग्नं झाल्यापासून तो जा-ये करत होता. तिकडून येताना त्यात सोडे यायचे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, नाहीतर कडवे वाल, नाहीतर आमसुलं. इकडून जाताना दिवाळीच्या करंज्या, चिवडा, लाडू. आणि एक रीत आमच्याकडे सगळ्याच घरांत आहे. शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत द्यायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, मूठभर तांदूळ घालायचे, पण भांडं रिकामं परत धाडायचं नाही. रिकामं धाडलं तर त्याचा अर्थ एकच, आता पुरे, यापुढे देणं-घेणं नको.

"तीन वर्षं झाली," आई म्हणाली. "माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा. तिने मुलाला पाठवून डबा मागवला. सोडे भरायचेत म्हणून. मी वड्या करून ठेवल्याच होत्या, तू घालून दिल्यास. त्यावर आजतागायत एक शब्द नाही. वड्या मिळाल्या नाही, बऱ्या झाल्या नाही, काही नाही. आणि डबा? डबा आलाच नाही. ठेवून घेतला तिने. बाबांची आठवण तिला एकटीला हवी झाली. सरळ तसं म्हणाली असती तर मी दिला असता गं. मी काय नाही म्हणणार होते?"

"मग तू विचारलं का नाहीस?" हे मी विचारलं खरं, पण आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

"आपण होऊन विचारू? माझ्या वड्या पोचल्या का म्हणून? मी मोठी आहे तिच्यापेक्षा."

नवऱ्याला खोकला आला. साधा नाही, चांगला लांबलचक. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो तिरक्या नजरेने माझ्याकडे बघतोय हे मला न बघताच कळत होतं. कारण त्या दिवशी घरात आम्ही दोघं होतो आणि काय झालं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

झालं ते असं. आई आतल्या खोलीत, डोळ्याला पट्टी. गॅसवर दूध. खाली ट्रकचा हॉर्न, मावसभाऊ रस्त्यातच ट्रक उभा करून आलेला, मागे गाड्या बोंबलतायत. "आईने डबा मागितलाय, लवकर दे." मी माळ्यावरून डबा काढला, त्यावर धूळ, म्हटलं असा कसा द्यायचा? पावडर लावून खसाखसा घासला, पुसला, लखलखीत केला आणि धावत खाली जाऊन त्याच्या हातात ठेवला. वर येऊन बघते तर ओट्यावर वड्या. ट्रक गेलेला. दूध उतू गेलेलं.

संध्याकाळी आईने विचारलं, "वड्या घातल्यास ना?" आणि मी म्हटलं, "हो."

का म्हटलं? अहो, का म्हणतो माणूस! तिच्या डोळ्याला पट्टी होती, रडली तर डोळ्याला बरं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे बोलणी खायची नव्हती. उद्या फोन करून मावशीला सांगू, असं ठरवलं. तो उद्या आला नाही. आणि वड्या आईच्या नजरेला पडायला नकोत म्हणून चार दिवसांत आम्ही दोघांनी संपवल्या. फार छान झाल्या होत्या.

म्हणजे मावशीला डबा मिळाला तो रिकामा. घासूनपुसून, लखलखीत रिकामा. पाऊस गाडीच्या टपावर बदाबदा कोसळत होता आणि मला कळत होतं की दोन बहिणींचं तीन वर्षं हसणं मी बंद केलंय. पंचाहत्तर आणि सत्त्याहत्तर या वयात तीन वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे? मी गाडीतच आईला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात फांद्या बाजूला झाल्या, एसटीने हॉर्न दिला, कंडक्टरने जणू एकट्यानेच झाड उचललं अशा थाटात हात हलवला, आणि आमची गाडी निघाली. रोज मुलांना खरं बोला म्हणून ओरडणारी मी मूग गिळून बसले.

काशीदला समुद्र खवळलेला होता आणि त्याच्यासमोर माणसं भिजत मक्याची कणसं खात होती. एरवी मी लगेच गाडी थांबवली असती. नवऱ्याने विचारलंसुद्धा, "कणीस?" मी नको म्हटलं. मी कणीस नको म्हटलं म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे त्याला कळलं. आईला मागे ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात तो म्हणाला, "सांगून टाक. मी आहे." मी म्हटलं, "तुम्ही रस्त्याकडे बघा."

मावशीच्या दारात गाडी लागली तेव्हा पाऊस नुसता ओतत होता. वहिनी छत्री घेऊन धावत आली. मावशी पडवीत उभी. आई उतरली, दोन पायऱ्या चढली, आणि थांबली. मला वाटलं गुडघा अडला. तिची नजर जिथे होती तिथे मी बघितलं.

पडवीच्या कोपऱ्यात कोंबड्यांचा खुराडा होता. त्याच्याजवळ जमिनीवर आजोबांचा डबा. काळा पडलेला, झाकण नाही, आत तांदळाच्या कण्या. एक लाल कोंबडी कडेवर उभी राहून त्यात टोचत होती.

आईने ओला पदर झटकला आणि आत गेली.

"या, बसा," मावशी म्हणाली. नवऱ्याकडे बघून म्हणाली असती तर ठीक, जावयाला 'या, बसा' म्हणतातच. पण ती आईकडे बघून म्हणाली. सख्ख्या बहिणीला. आणि आई, जी या उंबऱ्यात पाय ठेवला की लगेच हाय-न्हाय, व्हय-न्हव्हं अशी इकडची बोली बोलायला लागायची, ती अगदी शुद्ध पनवेलच्या आवाजात म्हणाली, "बसते. तुमची तब्येत कशी आहे?"

तुमची!  वहिनी बिचारी माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.

चहा आला, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या फुलाफुलांच्या कपांतून. पाऊस किती झाला ते बोलून झालं. गुडघे झाले. डोळा झाला. प्लॅस्टिकचा डबा आईने टेबलावर ठेवला, "थोड्या वड्या आणल्यात," मावशी म्हणाली, "कशाला त्रास घेतलात," आणि तो डबा तिथेच राहिला, कुणी झाकणाला हात लावला नाही.  वालाच्या बिरड्याचा वास स्वयंपाकघरातून येत होता. एरवी त्या वासाने मी आत जाऊन पातेल्यात डोकावले असते.

टेबलावरच जेवायला बसलो. गरम गरम तांदळाच्या भाकऱ्या, बिरडं, पापड, लोणचं. आईने एक भाकरी खाल्ली आणि ताटावर हात आडवा धरला. "पुरे." या घरात एका भाकरीवर पुरे म्हणणं म्हणजे वाढणाऱ्याच्या थोबाडीत देणं.

मावशी वहिनीला म्हणाली, "आग्रह नको करूस. त्यांना न्हाय आवडत आता आपलं."

"मला काय आवडतं ते तुम्हाला कळलं असतं," आई म्हणाली, "तर बाबांच्या डब्यात कोंबड्या नसत्या चरल्या."

"आन बाबांचा डबा रिकामा कुणी धाडला?" मावशीचा आवाज असा फुटला की बाहेर कोंबडी फडफडली. "सोडं निवडून ठेवलं व्हतं मी, येक येक. म्हटलं, तायचा डोळा कापलाय, तिला आवडतात. डबा आला, उघडते तं आत काय न्हाय. घासून धाडलास! दाणासुदा न्हाय ठेवलास! येवढं काय केलं व्हतं मी तुझं?"

आई बघतच राहिली. "रिकामा? वड्या होत्या त्यात. चाळीस वड्या!"

"वड्या! कुठच्या वड्या?"

आणि मग माझ्याच्याने राहवेना. घास तसाच ताटात टाकला. "नव्हत्या! वड्या नव्हत्या त्यात. मी डबा घासला आणि तसाच दिला. आईने विचारलं तर खोटं सांगितलं. मावशी, तिला काही माहीत नव्हतं गं. तिने तुझ्यासाठी केल्या होत्या. तुझा दोष नाही, तिचाही नाही. सगळं मी केलं."

  आईने सावकाश विचारलं, "मग त्या वड्या गेल्या कुठे?"

"आम्ही खाल्ल्या," नवरा म्हणाला. तोंडात भाकरी तशीच. "मी जास्त खाल्ल्या."

त्या एका वाक्यासाठी त्याचं पुढच्या दहा वर्षांचं हळू गाडी चालवणं मी माफ केलं.

मला वाटलं आता दोघी रडतील, एकमेकींच्या गळ्यात पडतील. छे! दोघी एकदम माझ्याकडे वळल्या.

"तीन वर्सं?" आई म्हणाली. "तीन वर्सं माझ्यासमोर बसून जेवत व्हतीस तू?"

"मास्तरीण हाय म्हणे ही," मावशी म्हणाली. "पोरांना काय शिकवते काय म्हायत!"

"लहानपणापासून अशीच. विचारायच्या आधी व्हय म्हणायचं, मंग निस्तरा तुम्ही."

"आठवतं तुला ताय, माझी कोयती हरवली व्हती हिनं? आन नाव कुत्र्यावर घातलान."

"कुत्र्यावर!"

माझं पन्नास वर्षांचं आयुष्य त्या दोघींनी त्या ताटावर मांडलं. माझी हरवलेली कोयती, मी विहिरीत टाकलेला तांब्या, माझ्या मुंजीतल्या मारामाऱ्या. मुंज भावाची, मारामारी माझी. एक सांगायची, दुसरी पुढचं जोडायची. मधेच आईने न बघता ताट पुढे केलं आणि मावशीने न बघता भाकरी वाढली. दुसरी, मग तिसरी. आईचं हाय-न्हाय केव्हाच परत आलेलं. तीन वर्षांत पहिल्यांदा दोघी बहिणी एका बाजूला झाल्या होत्या, आणि पलीकडच्या बाजूला मी एकटी. इतक्या शिव्या खाऊन इतकं सुख मला आयुष्यात कधी झालेलं नाही. रडत होते आणि बिरडं ओरपत होते.

मग मावशी एकाएकी उठली, तशीच खरकट्या हाताने पडवीत गेली आणि डबा घेऊन आली. कण्या लुगड्यावर सांडल्या. डबा मांडीवर घेऊन ती खालीच बसली आणि काळ्या पडलेल्या पितळेवरून बोटं फिरवायला लागली, जिथे नाव होतं तिथे.

"बाबांचं नाव यावर, आन मी कोंबड्यांना दिला. रागानं दिला. काय मेली माझी अक्कल..." 

आई उठून तिच्याजवळ गेली. सत्त्याहत्तर वर्षांचे गुडघे घेऊन खाली जमिनीवर बसली, जशी ती आमच्या घरी देवासमोरसुद्धा बसत नाही. डब्यात हात घातला, मूठभर कण्या वर काढल्या आणि बहिणीला दाखवल्या.

"बाय, हे बघ. रिकामा तर न्हाय ठेवलास ना?"

मावशीने मान हलवली. "न्हाय गो. येक दिस न्हाय. संपत आलं का घालायची. रिकामा बघवेना मला."

तेव्हा मात्र दोघी रडल्या. वहिनीही रडली. मी तर रडतच होते. नवरा उठला आणि प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण काढून सगळ्यांना एकेक वडी देत सुटला, लग्नातल्या पेढ्यांसारखी. मावशीने वडी खाल्ली, डोळे पुसले आणि म्हणाली, "गोड जास्त झालंय." आई म्हणाली, "तुला लागतं तसं केलंय." बस, एवढंच.

शिक्षा मला झालीच. "ऊठ," मावशी म्हणाली. "घासायची हौस हाय ना तुला? घास." मागच्या दारी, पागोळ्यांखाली दगडावर बसून मी चिंच आणि राख घेऊन तो डबा तासभर घासला. अर्धी भिजले. आतून दोघींच्या हसण्याचे आवाज येत होते, बहुतेक माझ्यावरच. हळूहळू पितळ पिवळं झालं आणि आजोबांचं नाव एकेक ठिपका करत वर आलं. नवरा मागच्या दारात स्टुलावर बसून मला सांगत होता, इथे राहिलंय, तिथे राहिलंय. मी त्याच्यावर ओरडले आणि फार बरं वाटलं.

रविवारी वहिनीने बांधावरून पकडून आणलेल्या चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण झालं. आईने चार चिंबोऱ्या फोडल्या, नवऱ्याला एकही फोडता येईना म्हणून त्याच्याही तिनेच फोडल्या. जेवण झाल्यावर आई मावशीला घेऊन खाचराच्या बांधावर गेली, दोघी एका छत्रीत. लांबून दिसत होतं, आई हात करून काहीतरी सांगतेय आणि मावशी तिला ढकलतेय. लावणीला का उतरली नाहीस म्हणून आईने तिला झापलं, हे मला नंतर कळलं. मावशी म्हणाली, "शेजारी कोण व्हतं उभं राहायला?" लहानपणी त्या दोघी एकाच ओळीत लावायच्या म्हणे.

निघताना डबा सोड्यांनी भरला गेला, दाबून दाबून. आईने तो पिशवीतही ठेवू दिला नाही, मांडीवर घेतला. काचा बंद, पाऊस बाहेर, आणि सोड्यांचा वास आत. वडखळपर्यंत गाडीचं पार मच्छी मार्केट झालं. नवरा चहा घ्यायला उतरला. आईचे डोळे मिटलेले, मान खिडकीला टेकलेली. मी हळूच मागे हात घातला आणि झाकण बोटाने जरासं उचललं.

"भरलाय गो," आई डोळे न उघडता म्हणाली. "मी दोनदा बघितलाय."

पंधरा दिवसांनी मावसभावाचा ट्रक पुन्हा आमच्या कोपऱ्यावर थांबला. हॉर्न, मागे गाड्या, बोंबाबोंब, सगळं तसंच. मी त्याला वर बोलावलं, बसवलं, चहा दिला. मागच्यांना म्हटलं ओरडा. त्याच्यासमोर डबा उघडून वड्या दाखवल्या. या वेळी त्या मी केल्या होत्या, आईने नुसतं बसून बघितलं होतं. पाक जरा पुढे गेला, वड्या दगड झाल्या, पण चाळीसच्या चाळीस मोजून भरल्या.

रात्री आठला मावशीचा फोन आला. मीच उचलला. "तुझ्याशी न्हाय बोलायचं," ती म्हणाली, "तायला दे." आईने फोन कानाला लावला. ऐकत राहिली, हसली, "व्हय, व्हय, तिनंच केल्यान, मंग काय," म्हणाली, पुन्हा हसली, आणि फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली. मी समोरच उभी होते, फोनमधून येणारा मावशीचा आवाज मला सगळा ऐकू येत होता, तरीही तिने मला सांगितलं.

"वड्या मिळाल्या म्हणते."